शब्दचर्चा: औषधांवरचा ‘रिबेट’ म्हणजे सूट की परतावा?

अनुवादक: अमेरिकी आरोग्यविम्यावरच्या मजकुरात ‘रिबेट रुग्णाला देणे’ असं आलंय. ‘सवलत’ लिहिलं, पण खटकतंय. ‘प्रतिपूर्ती’ चालेल?

बिलबुक: प्रतिपूर्ती नको. खर्च आधी स्वतः करून मग विम्याकडून वसूल करणं म्हणजे प्रतिपूर्ती. सवलतही नको, ती बिल फाडतानाच मिळते. खादी भांडारातला रिबेट तसाच. अमेरिकेत औषध विकून झाल्यावर कंपनी मागाहून पीबीएमला पैसे देते. पीबीएम म्हणजे विम्यासाठी औषधांची यादी आणि दर ठरवणारा मध्यस्थ. म्हणून ‘परतावा’.

विमावाला: सांभाळून! आपल्याकडे विमा कायदा, 1938 च्या कलम 41 नुसार रिबेट द्यायला मनाई आहे. तिथे अर्थ वेगळा: एजंटाने आपल्या कमिशनचा वाटा ग्राहकाला देणं. नुसतं ‘विम्यात रिबेट ग्राहकाला द्या’ लिहिलंत तर एजंट दचकतील.

अनुवादक: पण परतावा म्हटलं की वाचकाला वाटणार पैसे रुग्णाच्या खात्यात आले.

गोळीबेरीज: गोम तीच आहे. समजा यादीतली किंमत 500 डॉलर (‘छापील किंमत’ लिहू नका, तिथे एमआरपी नसते), परतावा 200, रुग्णाचा हिस्सा 25 टक्के. हिस्सा 500 वर धरतात: 125 डॉलर. खरी किंमत 300 धरली तर 75. वजावटीची रक्कम (विमा पैसे देऊ लागण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची) भरून व्हायची असेल तर फरक आणखी मोठा, 500 विरुद्ध 300. हिस्सा ठरावीक असेल, समजा दर वेळी 30 डॉलर, तर या बदलाने रुग्णाला सहसा काहीच मिळत नाही. हे वाक्य मजकुरात हवंच, नाहीतर प्रत्येकाला आपलं बिल उतरणार असं वाटेल.

आणि ते 50 डॉलर कुठून येतात? पहिल्या पद्धतीत विम्याला निव्वळ 175 पडतात, दुसऱ्या पद्धतीत 225. एरवी त्या पैशांतून सगळ्यांचा हप्ता थोडा आटोक्यात ठेवता येतो. ‘फुकट फायदा’ वगैरे शब्द टाळा.

बिलबुक: मग दोन शब्द करा. कंपनीकडून मध्यस्थाकडे जातो तो ‘उत्पादक-परतावा’. काउंटरवर रुग्णाच्या बिलातून वजा झाला की ती ‘सूट’. वेस्ट व्हर्जिनियाने 2021 मध्ये कायदा केला त्याचं सार: परताव्याची सूट करून द्या.

गोळीबेरीज: ‘अंदाजित’ जोडा. पक्का आकडा विक्रीच्या वेळी ठरलेला नसतो, म्हणून काउंटरवर अंदाजानेच वजा करावं लागतं. शिवाय मोठ्या मालकांच्या स्वनिधी योजना (कर्मचाऱ्यांचा उपचारखर्च मालक स्वतःच्या पैशांतून भागवतो त्या) राज्यांच्या विमा कायद्यांखाली सहसा येत नाहीत. मेडिकेअरपुरता (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा अमेरिकी सरकारी विमा) तिथल्या केंद्राचा असाच नियम 2020 मध्ये आला, पण त्याची अंमलबजावणी 2032 पर्यंत लांबवली आहे.

अनुवादक: ‘उत्पादकाकडून मिळणाऱ्या परताव्याइतकी अंदाजित सूट रुग्णाला खरेदीच्या वेळीच देणे’. लांबलंय.

विमावाला: लांबू दे. ‘रिबेट’ शब्द गेला, आता कलम 41 आठवणार नाही.