शेकरू आणि मांटा पाकट: फलकावर सारखी जागा द्यायची का?

सातपुडा_वाटा (यावल): वन्यजीव सप्ताहात शाळांमधून फिरवायच्या फलकावर शेकरू (झाडावरची मोठी खार) आणि मांटा पाकट (समुद्रातला पंखांसारख्या परांचा मोठा, चपटा मासा) यांना निम्मी-निम्मी जागा द्यावी, अशी सूचना आहे. मला ती पटत नाही. शेकरू राज्यप्राणी, सातपुड्यात मेळघाटला आहे. तो शेंड्या-शेंड्यांवरून फिरतो, एका उडीत 6 मीटरच्या आसपास जातो. रस्त्याला त्याहून रुंद पट्टा तोडला की त्याला खाली उतरावंच लागतं, आणि खाली कुत्री असतात. खान्देशातल्या पोरांना हे आधी कळायला हवं.

तापीकाठ: दादा, आपुलकी वेगळी, धोका वेगळा. जागतिक लाल यादीत (कोणती जात किती धोक्यात, हे सांगणाऱ्या यादीत) शेकरू 'कमी चिंतेचा' आहे. महाकाय मांटा 2020 पासून 'संकटग्रस्त'. फरक विणीचा. शेकरूला महिन्याभराच्या गर्भकाळानंतर एक-दोन पिल्लं होतात. मांटाचा गर्भकाळ वर्षभराचा, पिल्लू एकच, आणि पुढची वीण बहुधा काही वर्षांनी. वाळूत बसणारे पाकट डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी ओढून श्वास घेतात. मांटाला मात्र पोहतच राहावं लागतं. जाळ्यात पंख अडकले की कल्ल्यांवरून पाणी वाहणं थांबतं आणि तो गुदमरतो. त्याला मागे सरकताही येत नाही, त्यामुळे धडपडीत जाळं आणखी आवळतं.

केळीपट्टा_रावेर: भो, 'कमी चिंता' हा शिक्का अख्ख्या जातीचा. एका दरीतली शेकरं संपली तरी तो बदलत नाही. आणि इथला उपाय हाताशी आहे: रस्त्यावरून दोराचा पूल. तमिळनाडूतल्या वालपराईत सिंहपुच्छ माकडांसाठी असे पूल बांधलेत. पूल फांद्यांच्या उंचीवर हवा, दोन्ही टोकं थेट पानोऱ्यात गेलेली. खोडाला दोर करकचून बांधला तर खोड जाडावताना साल कापली जाते. ताणूनही चालत नाही. वाऱ्यात झाडं हलली की तुटतो. थोडा झोल ठेवायचा, पावसाळ्याआधी गाठी तपासायच्या.

तापीकाठ: पूल बांधाच. पण मांटासाठीही उपाय आहेत, तेही फलकावर येऊ द्या. जिवंत सापडला तर हूक कल्ल्यात किंवा तोंडापुढच्या शिंगांसारख्या घड्यांत लावायचा नाही. जाळं ओढायचं नाही, कापायचं. शक्यतो पाण्यातच सोडवायचा, कारण बोटीवर घेतल्यावर स्वतःच्याच वजनाखाली तो दबतो. कल्ल्यांच्या पट्ट्यांना परदेशी बाजारात भाव आहे, म्हणून तर 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले.

सातपुडा_वाटा: जाळ्याची माहिती घेऊ, ती पक्की आहे. जागा सारखी मात्र नकोच. रावेर-यावलच्या पोराला समुद्रातलं जाळं कापायला मिळणार नाही. रस्त्याकडेचं झाड तोडू नका असं ग्रामसभेत म्हणता येईल. दोन भाग शेकरू, एक भाग मांटा.