‘कॉम्प्युटरवर टाका, दहा मिनिटात चित्र येतंय’ म्हणणाऱ्यांसाठी (नॉनलिनियर श्रोडिंगर)

रेषेबाहेर
काल दुसऱ्या एका धाग्यावर उद्यमनगरवाले दादा जाता जाता एक पिंक टाकून गेले आणि त्यावर चौदा अंगठे पण आले. शब्द साधारण असे: "नॉनलिनियर श्रोडिंगरला उत्तर आहे का, एकच आहे का, किती वेळ टिकतं, ह्यावर लोक तीस-तीस वर्षं पेपर लिहितात. अहो कॉम्प्युटरवर टाका, दहा मिनिटात चित्र येतंय. सरकारी पगारावरचा टाइमपास." रात्री दोनदा वाचलं, झोप उडाली, म्हणून आता सविस्तर.

दादा, चित्र येतं हे खरं. कशाचं येतं ते विचारा की. हे लाटेचं समीकरण, पण लाट स्वतःवरच परिणाम करते असं. त्यातलं दोन डायमेन्शनमधलं क्यूबिक (लाटेचा घन असलेलं) घ्या, फोकसिंग, म्हणजे लाट स्वतःलाच आत ओढणारी. मास (घनतेची एकूण बेरीज) कायम, एनर्जी कायम. आता केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग गुणिले लाटेची घनता, ह्याचं इंटिग्रल घ्या, व्हेरियन्स म्हणतात तो. वेळेप्रमाणे दोनदा डेरिव्हेटिव्ह काढलं की सगळं कटून एनर्जीच्या सोळापट एवढा एकच स्थिर आकडा उरतो. एनर्जी निगेटिव्ह असली तर व्हेरियन्सचा आलेख म्हणजे पालथा पॅराबोला, तो कधीतरी शून्याखाली जाणारच. पण व्हेरियन्स शून्याखाली जाईल कसा, त्यात सगळं पॉझिटिव्हच आहे. म्हणजे सोल्यूशन त्याच्या आधीच मेलेलं असतं, घनता इन्फिनिटीला जाऊन. व्लासोव, पेत्रिश्चेव, तालानोव १९७१, मग ग्लासी १९७७. अर्ध्या पानाचं काम.

आता तेच तुमच्या मशीनवर चालवा. स्प्लिट-स्टेप वापरणार ना, वेळेचे छोटे तुकडे करून समीकरणाचे भाग आळीपाळीनं सोडवायचे ती? ती पद्धत मास तंतोतंत जपते, लोक कौतुकानं सांगतात. मग ग्रिडच्या एका चौकोनात घनता जास्तीत जास्त किती मावेल? एकूण मास भागिले चौकोनाचं क्षेत्रफळ. त्याच्या वर आकडा जाऊच शकत नाही!! मेलेलं सोल्यूशन तुमच्या स्क्रीनवर खुशाल नाचत राहतं, ना एरर, ना लाल अक्षर. ह्याला दहा मिनिटात आलेलं चित्र म्हणायचं असेल तर म्हणा.

उद्यमनगरवाला
ताई एवढं रागवायला काय झालं. मी बावीस वर्षं फौंड्रीत हाय, धातू साच्यात कसा भरतोय ते रोज सिम्युलेशनवर बघून मग भट्टी पेटवतो. नेव्हियर-स्टोक्सला (द्रव वाहण्याचं समीकरण) कायम गुळगुळीत राहणारं उत्तर असतंच का, हे तीन डायमेन्शनमध्ये अजून कुणाला सिद्ध करता आलं नाही, २००० सालापासून दहा लाख डॉलरचं बक्षीस तसंच पडून आहे, म्हणून मी शिरोलीला जाऊन कुलूप घालू का? पावसाळ्यात आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, त्या वेळी कोण विचारतं की बाबा सोल्यूशन युनिक आहे का.

आणि तुमची ती इन्फिनिटी निसर्गात नसते. २००१ साली रुबिडियम-८५ च्या कंडेन्सेटवर (अतिथंड अणूंचा ढग) प्रयोग झालाय, चुंबकीय क्षेत्र बदलून अणूंमधलं ढकलणं एकदम ओढण्यात बदललं, ढग आत कोसळला, थोडे अणू स्फोटासारखे बाहेर फेकले गेले, थोडे शिल्लक राहिले. बोसेनोव्हा नाव दिलं. कुठं गेली इन्फिनिटी? तीन अणू एकत्र आदळले की ढगातनं बाहेर पडतात, विषय संपला.

पूररेषा_५६
बंधाऱ्याचा विषय काढलाच आहे तर स्पष्ट बोलू. ही पातळी ४३ च्या वर जाऊन दिवसच्या दिवस उतरत का नाही? कर्नाटकातलं अलमट्टी धरण. ५१९.६० मीटरवरनं ५२४.२५६ करायचं चाललंय आणि इथं विद्वान लोक पॅराबोला काढत बसलेत. २०१९ ला आम्ही सहा दिवस गच्चीवर होतो, खाली म्हैस दावणीला तशीच. आधी ते बोला.

तासिकेवरचा_मास्तर
"सरकारी पगारावरचा टाइमपास" हे वाचून चहा नाकातून आला. कुठला पगार ओ? मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय, सेट पास, पीएचडी झालेली, मे महिन्यात शून्य, दिवाळीत शून्य, बिलं निघतात पुढच्या वर्षी. माझ्या एका कॉलेजात डिफरन्शियल इक्वेशनचा पेपर शिकवायला वाणिज्यचे सर पाठवले होते कारण माझे तास संपले होते. पेपर लिहिणारे टाइमपास करत असतील तर स्वखर्चानं करतात एवढी नोंद घ्या.

गंगावेस_फिजिक्स
सगळ्यांचं ऐकलं, आता मूळ चूक सांगतो. धाग्यात सारखं श्रोडिंगर आणि कंडेन्सेट चाललंय, जणू हे क्वांटमच. ह्यात क्वांटम काय आहे? १९२६ चं श्रोडिंगरचं समीकरण लिनियर आहे, दोन उत्तरांची बेरीज पण उत्तर, अख्खं सुपरपोझिशन त्याच्यावर उभं आहे. नॉनलिनियर केलं की ते गेलं. वाइनबर्गनी १९८९ ला खरंच नॉनलिनियर क्वांटम मेकॅनिक्स मांडून बघितलं, लगेच जिसँनी दाखवलं की त्यातून प्रकाशापेक्षा वेगात निरोप पाठवता येतील. तिथंच मिटलं. तुमचं हे समीकरण म्हणजे ऑप्टिकल फायबरमधला प्रकाश, हासेगावा आणि टॅपर्ट १९७३. खोल समुद्रातल्या लाटांचं पाकीट, झाखारोव १९६८. नाव श्रोडिंगरचं, काम पाण्याचं.

रंकाळ्याचा_वारा
मग पाणीपट्टी लावा त्याला 😂

रेषेबाहेर
@गंगावेस_फिजिक्स अर्धं बरोबर आणि अर्धं एम.एस्सी.च्या नोट्समधलं. ग्रॉस आणि पितायेव्स्की, दोघांचेही पेपर १९६१ चे, थंड बोसॉनसाठी हेच क्यूबिक समीकरण. एकेका अणूचं नव्हे, सगळे अणू एकाच अवस्थेत गेल्यावर त्या सामाईक लाटेचं. खाली लाखो अणूंचं लिनियर श्रोडिंगरच असतं.

गंगावेस_फिजिक्स
म्हणजे अंदाजे. मीन फील्ड, सगळ्यांचा सरासरी परिणाम. मी तेच म्हणतोय, तुमच्या भाषेत नोट्स.

रेषेबाहेर
अंदाजे नव्हे, तेच सांगतेय! एर्डोश, श्लाइन आणि याऊ ह्या तिघांनी सिद्ध केलंय की अणूंची संख्या वाढवत नेली, आणि अणूंमधलं ढकलणं त्या हिशेबानं आखूड करत नेलं, की लिनियर समीकरणातून लिमिटमध्ये हे क्यूबिक निघतं. आणि त्यात शेवटची पायरी कुठली माहितेय? लिमिटला जे मिळतं त्याला उत्तर एकच आहे हे दाखवणं, युनिकनेस. तीच पायरी सगळ्यात अवघड. दादांच्या भाषेत टाइमपास.

गंगावेस_फिजिक्स
लिमिट अनंत अणूंचं. प्रयोगशाळेत अनंत अणू नसतात ताई, १९९५ ला पहिलं कंडेन्सेट झालं तेव्हा दोनेक हजार होते. आणि "एम.एस्सी.च्या नोट्स" हे अनावश्यक होतं. गावात माझा क्लास चालतो म्हणून मला अक्कल नाही असं समजू नका.

रेषेबाहेर
क्लासबद्दल मी शब्द काढला नव्हता. नोट्सचं मागे घेते. दोन हजाराचा मुद्दाही मान्य, घ्या.

तासिकेवरचा_मास्तर
क्लासवाल्यांना निदान फी मिळते.

गंगावेस_फिजिक्स
सर प्लीज.

पूररेषा_५६
अलमट्टीवर कुणी बोलणार आहे का?

माहेर_शाहूपुरी
भाऊ, अलमट्टीचं बोलूच, पण नदीच्या पात्राला लागून भराव टाकून प्लॉट कुणी पाडले आणि कुणी घेतले तेही त्याच दमात बोलू. आमच्या सासऱ्यांनी स्वस्तात मिळतोय म्हणून घेतलाय, त्यामुळे घरचा अनुभव आहे. वेगळा धागा काढा. इथं पहिल्यांदा मला काहीतरी कळत होतं.

ताई एक विचारू? तुम्ही दिलेलं उदाहरण फोकसिंगचं, म्हणजे लाट आत ओढणारी, ती कोसळणार हे सामान्य माणसालाही पटतं. पण ढकलणारी असेल तर ती पसरणारच ना. तिथं तरी सिद्धता कशाला?

रेषेबाहेर
ह्याचीच वाट बघत होते. डिफोकसिंगमध्ये एनर्जीच्या दोन्ही टर्म पॉझिटिव्ह, सगळ्यांना वाटायचं की हे सोल्यूशन कायम टिकणार. तीन डायमेन्शनमध्ये क्विंटिक (घनाऐवजी पाचवा घात), म्हणजे एनर्जी-क्रिटिकल, एनर्जी जेमतेम पुरते ती सीमा, तिथं बूर्गँनी १९९९ ला गोल सममिती असलेल्या डेटासाठी दाखवलं, सममितीशिवायचं पाच जणांनी मिळून २००८ ला छापलं. त्याच्या पुढचं सुपरक्रिटिकल तेवढं राहिलं होतं आणि तिथंही टिकेल असाच अंदाज होता, बूर्गँचाही. २०१९ ला मर्ल, राफाएल, रॉडनियान्स्की, शेफ्टेल ह्या चौघांनी पाच ते नऊ डायमेन्शनमध्ये, ठरावीक पॉवरसाठी, गुळगुळीत डेटा घेऊन दाखवलं की ढकलणारी लाटसुद्धा मर्यादित वेळात फुटते. सगळ्यांचा अंदाज पालथा. आणि वाट कुठली धरली तर लाटेला द्रवाच्या भाषेत लिहायचं, माडेलुंगची १९२७ ची जुनी युक्ती, आणि मग दाबता येणारा द्रव आत कसा कोसळतो ते बघायचं. ते कोसळणंही मोजकेच वेग जुळले तरच गुळगुळीत राहतं. आंधळेपणानं सिम्युलेशन चालवून हे सापडलं नसतं.

उद्यमनगरवाला
पाच ते नऊ डायमेन्शन!! आमच्या कोल्हापुरात तीनच हायत आणि त्यातलं एक पण महाद्वार रोडला पार्किंगला मिळत नाही. तीनमध्ये क्यूबिक, ढकलणारं, त्याचं सांगा.

रेषेबाहेर
ते टिकतं. १९७९ पासून माहीत आहे, जिनिब्र आणि वेलो. तुमचं साधं रुबिडियम-८७ सुरक्षित. आणि खऱ्या ढगात इन्फिनिटी येत नाही हाही तुमचा मुद्दा मान्य, मी कधी नाकारला नव्हता. पण समीकरण कुठल्या क्षणापासून लागू राहत नाही हे समीकरणानं स्वतः सांगितलं तर ती माहिती नाही का? तुमच्या तीन अणूंच्या टकरी हिशेबात घ्यायच्या कधीपासून, हे कोण सांगणार?

अजून एक सांगते मग गप्प बसते. दोन डायमेन्शनमधलं ब्लो-अप (ते कोसळणं) किती वेगानं होतं ह्यावर न्यूमेरिकलवाले वर्षानुवर्षं वेगवेगळे घातांक छापत होते, शेवटी उत्तर निघालं लॉग-लॉग. वर्गमूळाच्या वेगावर लॉगचा लॉग एवढी बारीक दुरुस्ती. मरायला उरलेला वेळ एक भागिले एकावर शंभर शून्यं एवढा कमी झाला तरी तो लॉग-लॉग असतो ५.४. कुठल्या ग्राफवर बघणार हे? १९८० च्या दशकात कागदावर फॉर्म्युला निघाला, पक्की सिद्धता पेरेलमन बाई आणि पुढे मर्ल-राफाएल ह्यांची, २००१ पासूनची.

रंकाळ्याचा_वारा
पेरेलमन तो बक्षीस नाकारलेला ना?

रेषेबाहेर
तो ग्रिगोरी. ह्या गालिना. दर वेळी हे सांगावं लागतं.

उद्यमनगरवाला
काल रात्री पोराच्या लॅपटॉपवर बसलो. दोन डायमेन्शन, क्यूबिक, फोकसिंग, सुरुवातीला गाउसियन (घंटेच्या आकाराचा ढीग), मास १५ ठेवलं कारण कुठंतरी वाचलं की ११.७० च्या खाली असलं तर कोसळतच नाही. (हे वाइनबर्ग नव्हे वाइनस्टाइन, १९८३, माझा घोळ झालता.) २५६ च्या ग्रिडवर घनतेचं शिखर आलं, छान गुळगुळीत, मी म्हटलं बघा. मग ५१२ केली. शिखर जवळपास चौपट. १०२४ केली, लॅपटॉपचा पंखा विमानासारखा वाजायला लागला, बायको उठून आली, परत चौपटीच्या आसपास. एरर एकही नाही.

ताई बरोबर आहेत असं मी म्हणत नाही. ग्रिड बदलली की उत्तर बदलतंय एवढंच म्हणतोय. फौंड्रीत असलं झालं असतं तर मी मेश बारीक करायला सांगून झोपलो असतो, ते इथं चालंना.

रेषेबाहेर
गाउसियन १५ ला एनर्जी काढून बघा, निगेटिव्ह येते का. हातानं येते, पंखा लागत नाही.

उद्यमनगरवाला
काढली. येतेय. आता मेसेज करू नका, भट्टी लावायचीय.

पूररेषा_५६
५२४ मीटर झाल्यावर ग्रिड बदला सगळ्यांनी.