मुंज ‘लागते’ का ‘होते’? (आणि शोलेचं काय)

गिरगावकर_धाकटी
मंडळी, एक घरगुती भांडण घेऊन आलेय. पुढच्या महिन्यात भाच्याची मुंज आहे आणि यंदा माझ्या बाबांच्या मुंजीलाही पन्नास वर्षं होतात, म्हणून आलेल्यांना वाटायला एक छोटीशी पुस्तिका करतोय, ‘आजोबांच्या मुंजीचा दिवस’ अशी (आजोबा भाच्याचे, म्हणजे माझे बाबा). मे १९७६. तर मी लिहिलं, “सकाळी मुंज लागली, दुपारी जेवणं झाली आणि संध्याकाळी सगळं वऱ्हाड लॅमिंग्टन रोडला मिनर्व्हात, तिथे शोले लागला होता.” एवढं एकच वाक्य. आत्याने (बाबांची मोठी बहीण, तेव्हा चौदा वर्षांची, तिला सगळं आठवतं) त्यावर लाल पेन चालवलं. म्हणे मुंज लागत नाही, लग्न लागतं, मुंज होते. आणि शोले ‘लागला होता’ नाही, ‘चालू होता’, कारण तो लागला आदल्या वर्षीच्या १५ ऑगस्टला. मला दोन्हीकडे ‘लागणे’च बरोबर वाटतंय पण का ते सांगता येत नाहीये. प्रेसला शुक्रवारी द्यायचंय.

खडूस_पंतोजी
आत्याबाई बरोबर आहेत. मुंज हे गवताचं नाव. त्या गवताची मेखला बटूच्या कमरेला बांधायची, म्हणून मौंजीबंधन. म्हणजे खरं क्रियापद ‘बांधणे’. तेही नको असेल तर पत्रिकेत छापतात तसं ‘व्रतबंध करण्याचे योजिले आहे’. लागायला ती काय पिक्चर आहे?

शेवग्याची_शेंग
पंतोजी, तुम्ही शेवटचे मुंजीला कधी गेला होतात? आमच्याकडे मुहूर्त जवळ आला की बाप पाटावर, समोर बटू, मधे अंतरपाट, भटजी मंगलाष्टकं म्हणतात (आणि एखादी हौशी मावशी स्वतः रचलेलं पाचवं कडवं म्हणते ते संपता संपत नाही), सावधान सावधान, अक्षता पडतात, अंतरपाट निघतो, पोरगं बापाच्या पाया पडतं आणि हॉलमधल्या मागच्या रांगेत कुणीतरी म्हणतं, “चला लागली एकदाची, पानं घ्या.” लग्नात जे होतं तेच. मग लग्नाला ‘लागलं’ आणि मुंजीला नाही हा कुठला न्याय? ‘होते’ म्हणजे पूर्ण कार्य, मातृभोजनापासून भिक्षावळीपर्यंत. ‘लागते’ म्हणजे तो एक क्षण. दोन्ही शब्द हवेत.

खडूस_पंतोजी
पंगतीतलं बोलणं म्हणजे प्रमाण नव्हे. उद्या कुणी ‘बारसं लागलं’ म्हणेल.

शेवग्याची_शेंग
नाही म्हणणार, कारण बारशाला अक्षता नसतात!! तेच तर सांगतेय.

अनुस्वार
मजा अशी आहे की ‘लग्न लागणे’ हीच मुळात द्विरुक्ती. संस्कृत लग् म्हणजे चिकटणे, टेकणे, त्याचं लग्न, त्यातूनच प्राकृतात लग्ग आणि आपलं लागणे. जन्मपत्रिकेतलं लग्न म्हणजे त्या वेळी पूर्व क्षितिजाला टेकलेली रास. चांगलं लग्न बघून विवाह करायचे म्हणून विवाहालाच लग्न म्हणायला लागलो (बघा, इथेही लागलो). मुंजीचा मुहूर्तही लग्न बघूनच काढतात, म्हणजे त्या अर्थी मुंजीलाही लग्न लागतंच. हे आत्यांना सांगू नका, मार खाल.

शोलेबद्दल मात्र आत्यांचा मुद्दा बारीक आहे. ‘लागला’ म्हणजे प्रदर्शित झाला, ती एका दिवसाची घटना. ‘लागलेला होता’ म्हणजे तेव्हा चालू होता. ‘लागला होता’ दोन्हीकडे झुकतं. दिवा लागला होता म्हणजे कुणीतरी लावला होता का जळत होता? दोन्ही. मी तसंच ठेवेन.

बर्डीचा_टाकीजवाला
आमच्या नागपुरात थेटर नाही, टाकीज. आणि टाकीजात पिक्चर लागतेच, दुसरा शब्दच नाही. कारण साधं आहे राव, पोस्टर लागायचं. गुरुवारी रात्री शिडी लावून पोरं जुनं फाडायची, त्याच्यावर लई (म्हणजे खळ) लावून नवं चिकटवायची, सकाळी शाळेत जाताना दिसायचं का नवीन लागली. आठवडाभरात नाही चालली तर उतरली. लागली, उतरली. ‘पडली’ म्हणजे पैसे बुडाले. हा सगळा शिडीचा शब्दसंग्रह आहे, संस्कृत नका आणू.

खडूस_पंतोजी
हे सरळ हिंदीतलं ‘फिल्म लगी है’. तुमचं ‘लागली’ स्त्रीलिंग तेच सिद्ध करतं. मराठीत पिक्चर पुल्लिंगी.

बर्डीचा_टाकीजवाला
मराठीत म्हणजे पुण्यात ना?

इंदूरी_पोहे
माझी काकू जन्मभर ‘पिक्चर बघितली’ म्हणत आली, सासर दादर, चाळीस वर्षं झाली तरी बदलली नाही. तिच्या पहिल्या दिवाळसणाला सासऱ्यांनी विचारलं “कसला बघितला सिनेमा?” ती म्हणे “सिनेमा नाही, पिक्चर बघितली.” घरात अजून हसतात. पण हिंदीतून आलं म्हणून वाईट का? नाटकही लागतंच की, शिवाजी मंदिरला अमुक लागलंय, ते कुठल्या हिंदीतून आणलं?

अनुस्वार
आणि निकाल लागतो, ग्रहण लागतं, रांग लागते, वेड लागतं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत लागणेंचा पसारा बघा, वाचता वाचता झोप लागेल. सिनेमा पुढच्या चाळीस वर्षांत यायचा होता, ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात भारतातले पहिले खेळ झाले. म्हणजे हे क्रियापद तयारच बसलं होतं, सिनेमा आला आणि त्याला लागला.

तिसरी_घंटा
‘खेळ’ हा काय सुंदर शब्द होता. रोज तीन खेळ. दशावताराचाही खेळ, सर्कशीचाही खेळ आणि सिनेमाचाही. ‘शो’ने खाल्ला त्याला. बोलपट तर आता फक्त निबंधात. सावरकरांच्या नावावर सांगितले जाणारे सिनेमाचे शब्द घ्या, त्यातला दिग्दर्शक टिकला, चित्रपट पेपरात टिकला, बोलपट गेला. मध्यंतराला आम्ही इंटरवल म्हणतो आणि वडा खातो.

खडूस_पंतोजी
मध्यांतर. मध्य + अंतर. कृपया.

तिसरी_घंटा
पाटीवर ‘मध्यंतर’ लिहिलेलं असायचं आणि आम्ही ‘मध्यंतरी भेटलो होतो’ असंच म्हणतो, ‘मध्यांतरी भेटलो’ असं कोण म्हणतं हो?

गिरगावकर_धाकटी
लोकहो मुंज :)

बरं आत्याने अजून एक काढलं. ‘वऱ्हाड’ही चूक. मुंजीला वर कुठे आहे.

खडूस_पंतोजी
हे मात्र निर्विवाद. वऱ्हाड लग्नाचं असतं. मुंजीला बटू असतो. “सगळी पाहुणेमंडळी” लिहा.

शेवग्याची_शेंग
या एका गोष्टीवर मी पंतोजींशी सहमत, तारीख लिहून ठेवा.

पण मला खरा प्रश्न वेगळाच पडलाय. सकाळी मुंज लागलेला मुलगा संध्याकाळी शोले बघायला गेला कसा? ब्रह्मचर्याश्रमात होता ना तो?

अनुस्वार
अगदी. मनुस्मृतीत ब्रह्मचाऱ्याला नाच, गाणं, वाद्य सगळं वर्ज्य आहे. शोलेत हेलन पण आहे.

गिरगावकर_धाकटी
हाहा, त्याची गोष्ट आहे. माझ्या आजोबांनी, म्हणजे बाबांच्या वडिलांनी, तिकिटं आठवडाभर आधी काढून ठेवली होती, बावीस का तेवीस, पाहुण्यांना मुंबईत आल्यासारखं वाटावं म्हणून. भटजीबुवांचं म्हणणं सोडमुंज (ब्रह्मचर्याचं व्रत सोडायचा विधी) नंतर बघू, बारा दिवस तरी पाळा. आजी म्हणाली तिकिटाचे पैसे कोण देणार. मग दुपारीच सोडमुंज उरकली, दंड कोपऱ्यात ठेवला, पोराला काशीयात्रेला निघाल्यासारखं करून मामाने दारातून परत आणलं (मुलगी देतो वगैरे म्हणून, ती मामेबहीण तेव्हा दोन वर्षांची आणि झोपलेली) आणि साडेपाचला सगळे चालत निघाले. बाबांच्या डोक्याचा घेरा ठेवलेला, त्यावर मामाची पांढरी टोपी, ती इतकी मोठी की पडद्यावर वर काय चाललंय ते दिसेना, आणि काढली की मागच्या रांगेतली पोरं घेऱ्यावर टिचक्या मारायची. सव्वातीन तासांचा सिनेमा बाबांनी अर्धा टोपीखालून बघितला. गब्बर आला तेव्हा त्यांनी जानवं तोंडात धरलं होतं असं आत्या सांगते, बाबा नाही म्हणतात.

इंदूरी_पोहे
हे सगळं पुस्तिकेत घालायचं सोडून तुम्ही क्रियापदावर भांडताय??

नवा_भिडू
माझा भाचा विचारत होता मुंज झाली की मी मुंज्या होणार का. तो भुताचा हिंदी सिनेमा येऊन गेल्यापासून वर्गातल्या पोरांनी घाबरवलंय त्याला. बाय द वे उपनयन म्हणजे उप + नयन, ज्ञानाचा जादाचा डोळा ना? आमच्या गुरुजींनी स्टेजवरून सांगितलं होतं, खूप छान वाटलं होतं.

अनुस्वार
छान वाटतं पण नाही. नी म्हणजे नेणे. गुरूच्या जवळ नेणे. जादाचा डोळा म्हणजे उपनेत्र, चष्मा.

नवा_भिडू
मग भाच्याच्या पत्रिकेत आम्ही जे कवितेसारखं छापलंय त्याचं काय करू.

अनुस्वार
काही नको. जुन्या लग्नपत्रिकांत ‘शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’ छापायचे, गावभर वाटायचे, कुणी दचकलं नाही.

रानजाई
वाचतेय सगळं, गंमत वाटतेय. पण तुम्ही सगळे धरून चाललाय की प्रत्येकाच्या घरी मुंज असते. आमच्यात नसते. आमच्यात पोराचं काहीच नाही, जावळ काढलं की थेट लग्न. पोरीचं मात्र असतं. न्हाण आलं म्हणायचे, ‘लागलं’ नाही, ‘झालं’ नाही, ‘आलं’. पाहुण्यासारखं.

मला आलं ते गावच्या जत्रेत. तळावर टुरिंग टॉकीजचा तंबू पडला होता, मी चार दिवस आधीपासून आईच्या मागे लागले होते. आणि नेमकं त्याच दिवशी सकाळी. मग काय, पडवीच्या कोपऱ्यात पोत्यावर बसवलं, आज्जीनं हातात बांगड्या भरल्या, पाचव्या दिवशी न्हाऊ घालून केळीच्या खांबाच्या मखरात बसवणार, मामा हिरवं लुगडं घेऊन येणार, सगळी घाई. बायका यायच्या, कानात काहीतरी बोलायच्या, हसायच्या. संध्याकाळी भावंडं सगळी सिनेमाला गेली, आज्जीसुद्धा. मी आणि आई घरी. तंबूचा कर्णा आमच्या दिशेलाच होता. सगळा सिनेमा मी ऐकला. कोण मेलं, कोण रडलं, फाईट कुठे झाली, रीळ बदलताना बंद पडायचं तेव्हा शिट्ट्या. रात्री भाऊ आला आणि स्टोरी सांगायला लागला तर मीच त्याला पुढचं सांगितलं. तो म्हणाला तू कधी बघितलास?

आई तेव्हा म्हणाली होती, “तुला न्हाण आलं आन् सिनेमा लागला, एकाच दिशी.” तिला काही दोन क्रियापदांचा प्रश्न पडला नाही.

शेवग्याची_शेंग
ताई, हे वेगळं लिहा ना कुठेतरी नीट. आणि मखरात बसवल्यावर म्हणायची गाणी आठवत असतील तर तीही.

रानजाई
आज्जीला यायची. मला धुवूनपुसून दोन ओळी. त्याही इथे लिहिण्यासारख्या नाहीत, फार चावट असायच्या.

तिसरी_घंटा
तंबू ‘पडला’ होता! पिक्चर पडला म्हणजे बुडाला, तंबू पडला म्हणजे उभा राहिला. टाकीजवाले, लावा तुमची शिडी.

बर्डीचा_टाकीजवाला
तळ पडते, छावणी पडते, तसाच तंबू. याला शिडी नाही लागत.

गिरगावकर_धाकटी
अपडेट. आत्याला अंतरपाटाचा मुद्दा सांगितला. म्हणाली, “अक्षता पडल्या म्हणून लागली म्हणायचं तर सत्यनारायणालाही अक्षता असतात.” मग बाबांना विचारलं, तुम्ही काय म्हणता? बाबा म्हणाले माझी मुंज ‘केली’, मला कुणी विचारलं नव्हतं. आता तीन क्रियापदं झाली. ‘वऱ्हाड’ काढलंय, बाकी तसंच ठेवून उद्या देतेय प्रेसला. टोपीचा किस्सा घातलाय, जानव्याचा बाबांनी काढायला लावला.

खडूस_पंतोजी
‘केली’ सर्वात शुद्ध.

नवा_भिडू
एक राहिलंच. गाडी फलाटाला लागली आणि मला गाडी लागली, यातलं दुसरं लागणं कुठून आलं? आम्हाला मुंजीला बसने घाटातून जायचंय आणि घरात तिघांना लागते.

शेवग्याची_शेंग
आवळासुपारी ठेवा तोंडात. आणि पुढची सीट. मागे बसू नका, विशेषतः चाकावर.