सहावी-सातवीला गणिताचा सराव रटाळ होऊ नये म्हणून वर्गात काय घेता?

सातवीच्या_बाई

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. रीत मुलांना कळते, फळ्याशी येऊन सोडवूनही दाखवतात. गाडी अडते ती सरावाला. सरावसंच दिला की पुढच्या बाकावरच्या दोघी तो सोडवतात आणि त्यांची वही वर्गभर फिरते. शिवाय सातवीत येऊनही काही मुलांची हातच्याची वजाबाकी कच्ची आहे. त्यांना चौथीची गणितं द्यावीत तर ती मान खाली घालून बसतात, आणि ते मला बघवत नाही.

प्रोजेक्टर आहे, पण विजेचा भरवसा नाही. खडू, वही, मैदान एवढ्यावर होईल असं सांगा. नुसती करमणूक नको, हाताखालून भरपूर गणितं जायला हवीत.

काळी_पाटी

मॅडम, वजाबाकी कच्ची असलेल्या मोठ्या मुलांना मी कायम कापरेकरांचा ६१७४ दिला. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी जूनमध्ये पहिलं काम तेच.

प्रत्येकाने आपल्या जन्माची तारीख आणि महिना मिळून चार अंकी संख्या घ्यायची. १४ मार्च असेल तर १४०३. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठ्यात मोठी संख्या करायची, चढत्या क्रमाने लहानात लहान, आणि मोठीतून लहान वजा करायची. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि मग तिथून हलतच नाही, कारण ७६४१ − १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावून घ्यायचं. वर्गात ११ नोव्हेंबरचं मूल असेल तर त्याला जन्मवर्ष घ्यायला सांगा, कारण ११११ मधून हाती शून्यच येतं.

तारखा वेगळ्या, म्हणून वही फिरवून उपयोग नाही. आणि हे चौथीचं गणित आहे असं एकाही मुलाला वाटत नाही.

फळ्यावर आधी जन्मवर्षं घ्या. २०१३ चं तिसऱ्या पायरीला संपतं: ३०८७, ८३५२, ६१७४. लगेच २०१४ घ्या. ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पुऱ्या सात पायऱ्या! एका वर्षाच्या फरकाने एवढं कसं लांबलं, हा प्रश्न मुलंच विचारतात. मग सात पायऱ्यांच्या संख्या शोधायची चढाओढ लागते आणि मुलं घरी जाऊन पानंच्या पानं वजाबाक्या करून आणतात. मी गृहपाठ म्हणून दिल्या असत्या तर पाचसुद्धा झाल्या नसत्या.

हे शोधणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आपल्यासारखेच शाळामास्तर होते, हे मुलांना जरूर सांगा. १९०५ साली डहाणूला जन्म, १९३० ते १९६२ देवळालीला शिक्षक. ६१७४ त्यांना १९४९ मध्ये सापडला. अमेरिकन गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात लिहिलं तेव्हा जगाला त्यांची नीट ओळख झाली, तोवर ते निवृत्तही झाले होते. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या मुलांना देवळाली ऐकूनच माहीत असते, त्यांचे डोळे चमकतात.

त्रिज्या

गुरुजी, एक शंका. मध्येच एखादी वजाबाकी चुकली तरी चुकीचं उत्तर बहुधा चार अंकीच असणार, आणि तेही पुढे ६१७४ लाच पोचणार. मग चूक कळायची कशी?

काळी_पाटी

अगदी नेमकं विचारलंत, सगळं मर्म त्यातच आहे. ६१७४ आलं म्हणजे बरोबर असं मुलांना कधीही सांगू नये. ताळा प्रत्येक पायरीला घ्यायचा. बरोबर उत्तराच्या अंकांची बेरीज इथे १८ किंवा २७ च येते, कारण तेच अंक उलटसुलट लावून वजा केले की बाकी नवाच्या पटीत असते. वर २०१४ चं पाहा: ४०८६ ची बेरीज १८, ३९९६ ची २७. हातचा घेतला पण शेजारच्या घरातून कमी केला नाही, की बेरीज लगेच बिघडते. तपासायला माझ्याकडे यायची गरज उरत नाही. चूक मुलाला स्वतःलाच, तिथल्या तिथे सापडते. सरावासाठी काहीही निवडताना मी आधी एवढंच पाहतो की ताळा मुलाच्या हातात आहे की माझ्या लाल पेनात.

आणखी एक खूण शिक्षकासाठी. जी मुलं हातचा घेतच नाहीत, प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून मोकळी होतात, त्यांचं उत्तर उलटं वाचलं तरी तेच येतं. ५४३२ − २३४५ चं ती ३११३ लिहितात. खरं उत्तर असं दोन्हीकडून सारखं एकदाच येऊ शकतं, ५४४५, म्हणजे ७७२२ − २२७७ सारख्या वेळी. बाकी कुठेही ३११३, ४२२४ असं दिसलं की त्या मुलाशेजारी जाऊन बसावं. त्याला आकडेमोडीचा वेग नको असतो, दशक सुटा कसा करायचा ते पुन्हा हवं असतं. काड्यांचे गठ्ठे काढा, सातवीत असला तरी काढा.

त्रिज्या

हे ३११३ चं कधी लक्षातच आलं नव्हतं. उद्याच वह्या काढून बघते.

मैदानासाठी काही आहे का? आमचं क्षेत्रफळ नुसतं सूत्रात अडकलंय.

काळी_पाटी

गुंठा आखा. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद, फक्कीने. मुलांनी घरात हा शब्द शेकडो वेळा ऐकलेला असतो, पण गुंठा केवढा ते कोणी पाहिलेलं नसतं. कोपरे काटकोनात यायला सुतळीचे ९, १२ आणि १५ फुटांचे तीन भाग पडतील अशा गाठी मारून त्रिकोण ताणा, गवंडीही कोपरा असाच धरतो. सातवीला पायथागोरस आहेच. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले, साधारण ४६ फूट ८ इंच, तर चौरस खरा. इथेही ताळा मुलांकडेच.

मग त्याच कोपऱ्यातून दहा मीटर बाजूचा दुसरा चौरस आखा. तो एक आर, सातबाऱ्यावर लिहितात तो. दोन चौरसांच्या बाजूंत जेमतेम सहा सेंटिमीटरचा फरक दिसतो. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर आणि एक आर म्हणजे १००, हा दशांश मुलं पायाने चालून पाहतात. दुसऱ्या दिवशी घरच्या सातबाऱ्यावरचं क्षेत्र वहीत उतरवून आणायला सांगा. ०.८० हेक्टर म्हणजे किती गुंठे, किती एकर? ज्यांच्या घरी शेत नाही त्यांना शाळेच्या मैदानाचं माप द्या. कोणाच्या घरी किती जमीन आहे हे वर्गात मोठ्याने वाचलं जाऊ नये, एवढी काळजी नक्की घ्या.

जाता जाता: ७३२ घ्या, उलट करून वजा करा, ४९५. त्यात त्याचाच उलटा ५९४ मिळवा, १०८९. पहिल्या आणि शेवटच्या अंकात दोनचा तरी फरक असला की कोणत्याही तीन अंकी संख्येचं हेच होतं. आणि तेहेतीस गुणिले तेहेतीसही १०८९ च. गुंठा आखायच्या आदल्या दिवशी हे करून ठेवा, मैदानावर कोणीतरी ओरडतंच.

आजीची_पाटी

शिक्षिका नाही, सहावीतल्या मुलाची आई आहे. अपूर्णांकांसाठी आमच्या घरी सासूबाईंची सवायकी-दीडकी कामाला आली. सात सव्वे पावणेनऊ, सात दीडे साडेदहा, सात अडीचे साडेसतरा. पाठ करून घेत नाही. भाजी आणताना विचारते, अठ्ठेचाळीस रुपये किलो तर पावणेदोन किलोचे किती? तो दोन किलोचे शहाण्णव करून त्यातून पाव किलोचे बारा काढतो आणि चौऱ्याऐंशी सांगतो. छेद सारखे करत बसत नाही. भाजीवाल्या मावशींचं उत्तर तोवर आलेलंच असतं, त्यामुळे ताळाही तिथेच.

सातवीच्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी ६१७४ घेते आणि कोणाचं उत्तर दोन्हीकडून सारखं येतंय तेही बघते. गुरुजी, गुंठा पावसाळ्यात कसा आखायचा? आमच्याकडे फक्की टिकत नाही.

काळी_पाटी

चार खुंट्या ठोका आणि सुतळी बांधून ठेवा. सुतळी भिजली की आखडते, म्हणून बाजू आणि कर्ण रोज वेगवेगळ्या गटाला पुन्हा मोजायला लावा.