हलका घ्यावा की ताकदीचा? बेळगावकडच्या लॅपटॉपवाल्यांनो, अनुभव सांगा

भाच्याला यंदा बेळगावात मेकॅनिकलला प्रवेश मिळाला. राहायला खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या जरा अलीकडे. दाजींनी उसाच्या बिलातले ७० हजार लॅपटॉपसाठी वेगळे काढलेत आणि निवड माझ्यावर सोडलीय, कारण घरात कॉम्प्युटरवर काम करणारी मी एकटी. गेल्या आठवड्यात चार दुकानं फिरले. एकीकडे १४ इंची, दीड किलोच्या आतला, ४५ ते ५० हजारांचा. दुसरीकडे १५.६ इंची, वेगळं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरची चित्रं, थ्रीडी सांभाळणारा भाग) असलेला, सव्वादोन-अडीच किलोचा, ७० च्या आसपासचा. एक दुकानदार म्हणतो, मेकॅनिकल म्हणजे ग्राफिक्स कार्ड पाहिजेच. दुसरा म्हणतो, पोरगा गेम खेळत बसेल. दोघांचं ऐकून घरी आले आणि रात्री डोळ्याला डोळा लागेना. चुकलं तर हे पैसे परत उभे राहायला पुढचा गळीत हंगाम यावा लागतो.

मला माहितीपत्रकातलं नको, वापरून झालेल्यांचं ऐकायचंय. काय घेतलं, कशासाठी, कुठं अडलं, आज परत घ्यायचा तर कोणता घ्याल. दुकानांची आणि लॅपटॉप कंपन्यांची नावं मात्र घालू नका, त्यावरून भांडणं लागतात आणि मूळ गोष्ट बाजूला पडते.

जांबोटी रस्ता. कॉम्प्युटर सायन्स, शेवटचं वर्ष

अक्का, तुमच्या भाच्याचा रस्ता तोच माझा रस्ता, म्हणून सविस्तर लिहिते. पहिल्या वर्षी मामाच्या आग्रहाने मी गेमिंगचा घेतला. खोक्यावर वजन २.३ किलो लिहिलेलं. चार्जरचं वजन कुणीच सांगितलं नव्हतं. तो विटेएवढा! गावातल्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला तर ७०० ग्रॅम भरला. डबा, बाटली, जर्नल धरून सहा किलोची सॅक व्हायची.

जून २०२३ पासून आम्हा मुलींना बसला तिकीट नाही. घरच्यांना त्याचा केवढा आधार आहे ते मी बघते. पण सकाळच्या गाडीत किणयेनंतर पाय ठेवायला जागा नसते. सॅक पाठीवर ठेवली की मागच्यांना लागते, म्हणून पोटाशी धरायची आणि दुसऱ्या हाताने दांडी. पिरनवाडी येईपर्यंत खांदा बधिर व्हायचा. दिवाळीपर्यंत सॅकचा पट्टा दोनदा उसवला. तिसऱ्या वेळी सीबीटी बसस्थानकाजवळच्या काकांनी चपलेच्या मेणाच्या दोऱ्याने शिवून दिला, तो आजही घट्ट आहे. त्यानंतर मी लॅपटॉप न्यायचाच सोडला. मैत्रिणी लॅब सुटल्यावर ग्रंथालयात बसून प्रोजेक्ट करायच्या, मी वहीत लिहून घ्यायची आणि रात्री घरी येऊन टाइप करायची.

बरं, घरी तरी त्याचा उपयोग? जुलैत आमच्याकडे झाडं तारांवर पडतात. लाईट गेली की दीड-दोन दिवस येत नाही, आणि त्याची बॅटरी नुसतं टायपिंग केलं तरी अडीच तासांत संपायची.

दुसऱ्या वर्षी तो पुण्याच्या चुलतभावाला देऊन १.३ किलोचा, १६ जीबी रॅमचा घेतला. हा सात तास चालतो. चार्जर टाइप-सी, त्याच्यावरच मोबाईलही चार्ज होतो. मशीन लर्निंगची मॉडेलं ट्रेन करायला गूगल कोलॅब वापरते, म्हणजे काम इंटरनेटवरून गूगलच्या मशीनवर चालतं. तिथं जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची चिप, फुकट मिळतो, वेळेची मर्यादा असते, पण कॉलेजच्या कामाला मला पुरला. मेकॅनिकलचं मात्र मला सांगता यायचं नाही.

बेळगाव, हॉस्टेल. मेकॅनिकल, सहावं सेमिस्टर

मेकॅनिकलचं मी सांगतो, आणि ताईंच्या उलट सांगतो. मी ताकदीचा घेतला आणि एक दिवसही पस्तावलो नाही. कारण तो माझ्या टेबलावरून हलतच नाही.

पण दुकानदार जे कारण सांगतात ते अर्धंच खरं आहे. पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग आम्ही सॉलिड एज या सॉफ्टवेअरवर केलं. ते विद्यार्थ्यांना फुकट मिळतं आणि ८ जीबीच्या साध्या मशीनवरही चालतं. पुढं सिम्युलेशन आलं, म्हणजे पार्टवर भार पडला तर काय होईल ते कॉम्प्युटरवर काढायचं. एकाच पार्टचं एकच मेश (हिशेबासाठी पार्टचे पाडलेले बारीक तुकडे), माझ्या लॅपटॉपवर मेसमध्ये जेवून येईपर्यंत झालं, रूममेटच्या हलक्या लॅपटॉपवर रात्री साडेअकरापर्यंत चालू होतं. मला वाटलं, ग्राफिक्स कार्डाची करामत. सरांनी टास्क मॅनेजर उघडून दाखवला, कार्ड जवळजवळ मोकळं होतं. आमच्या त्या सिम्युलेशनमध्ये सगळं ओझं प्रोसेसर आणि रॅमवर होतं. कार्ड कामाला येतं ते मोठी असेंब्ली, म्हणजे बरेच पार्ट जोडलेलं डिझाइन, स्क्रीनवर फिरवून बघताना.

तेव्हा प्रोसेसरच्या नावातलं अक्षर बघा. इंटेलचे यू अक्षराचे बरेचसे प्रोसेसर १५ वॅटचे, एच अक्षराचे ४५ वॅटचे. जास्त वॅट म्हणजे जड काम ओढायची जास्त ताकद. दोन्हींवर आय-फाइव्ह लिहिलेलं असतं, आणि घेणारा तेवढंच बघून घेतो.

उद्यमबाग. जॉबवर्क आणि फिक्श्चर डिझाइन

२०१८ ला धंदा सुरू केला तेव्हा भांडवल सगळं मशिनात अडकलेलं. ३२ हजारांचा हलका लॅपटॉप घेतला. ८ जीबी रॅम, तीही बोर्डावर सोल्डर केलेली, वाढवायची सोय नाही. सुटे पार्ट काढेपर्यंत ठीक होतं. दीडएकशे पार्टांची फिक्श्चरची (मशीनवर काम चालू असताना पार्ट घट्ट धरणारी जोडणी) असेंब्ली सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला उघडली की तो गुडघे टेकायचा. एकदा गिऱ्हाईक समोर बसलेलं. त्यांना क्लॅम्प १० मिलिमीटर सरकवून बघायचा होता. मी आकडा बदलला आणि स्क्रीन पांढरी झाली. पाच मिनिटं आम्ही दोघं त्या पांढऱ्या स्क्रीनकडे बघत होतो. ऑर्डर मिळाली, पण ते सारखं घड्याळ बघत होते ते अजून डोळ्यांसमोर आहे.

२०२१ ला ९२ हजारांचा घेतला, ३२ जीबी रॅमचा. डिझाइनचा वेळ निम्म्यावर आला, हे मी हिशेबाने सांगतो. माझी चूक पुढं झाली. व्हीएमसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनला, प्रोग्राम द्यायला तोच मशीन शॉपवर न्यायला लागलो. शेजारी बिडाच्या कास्टिंगचं मशिनिंग चालायचं. ताकदीचा लॅपटॉप तापतो, तापला की पंखे जोरात फिरतात आणि खालून हवा ओढतात. हवेबरोबर काय ओढतात ते अकराव्या महिन्यात कळलं. आधी खरखर, मग चालता चालता बंद. दुरुस्तीवाल्याने खालचं झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीत काळी मऊ भुकटी. त्याने चुंबक जवळ नेलं तशी ती केसांसारखी उभी राहिली. बिडाची भुकटी, म्हणजे लोखंडच, बोर्डावर पसरलं तर शॉर्टसर्किट. साडेआठ हजारांवर निभावलं.

आता ताकदीचा काचेच्या केबिनमध्ये असतो, यूपीएसवर. शॉपवर तो जुना ३२ हजारांचा फिरतो. त्याचा पंखा क्वचित लागतो आणि प्रोग्राम पाठवायला तो भरपूर आहे. फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: एकात दोन्ही शोधू नका.

निपाणी. तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस

टॅली आणि एक्सेलला हलका पुरतो, त्यावर जास्त लिहीत नाही. दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्यात.

पहिली बिलाची. मालकांनी लॅपटॉप कोल्हापुरातून आणला, इथून तासाभरावर. किंमत ६० हजार, १८ टक्के कर धरून ७०,८००. दुकानाने बिलात केंद्राचा सीजीएसटी आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी लावला. आमची नोंदणी कर्नाटकची, २९ ने सुरू होणारा नंबर. परराज्यातल्या त्या कराचं क्रेडिट आम्हाला घेता येईना, म्हणजे तो आमच्या करातून वजा करता येईना, १०,८०० रुपये अंगावर पडले. आपला नंबर देऊन आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) लावलेलं बिल आधीच मागायला हवं होतं. सीमेवर राहून आपण खरेदीला सहज पलीकडे जातो, म्हणून मुद्दाम लिहितोय. घरगुती वापराला घेणाऱ्याला हा प्रश्न येत नाही.

दुसरी, जुना स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. माझा २०१७ चा, सातव्या पिढीच्या प्रोसेसरचा, अजून टुणटुणीत आहे. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी लागते. बँकेचं काम त्यावर करायची आता भीती वाटते.

वडगाव. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ

माझं दुखणं स्क्रीनचं. ४० हजारांचा लॅपटॉप होता, फोटोशॉप बऱ्यापैकी चालायचं. एका लग्नाच्या हळदीचे फोटो स्क्रीनवर फिकट दिसत होते, म्हणून मी पिवळा रंग वाढवत गेलो. अल्बम छापून आला तर नवरीच्या गालावर हळद नव्हे, शेंदूर! चाळीस पानं परत छापून दिली, माझ्या खर्चाने. नवरीची आई एक शब्द बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत बारीक अक्षरात ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं असतं, स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं ते माप. त्या स्क्रीनला बरेचसे रंग नीट दिसतच नाहीत. फोटोचं काम असेल तर १०० टक्के एसआरजीबी (रंगांचंच दुसरं माप) लिहिलेलं बघून घ्या, बाकी सगळं नंतर. आता माझ्याकडे ताकदीचा आहे, फोर-केचं एडिटिंग त्यावरच करतो. एवढं ध्यानात ठेवा, चार्जर काढला की त्याची ताकद निम्म्यावर येते. मंगल कार्यालयात लाईट गेली आणि जनरेटर उशिरा लागला, तर त्या वेळेपुरता तो साधाच लॅपटॉप असतो.

खानापूर. अर्ज लिहून देणे, डीटीपी

३४ हजारांचा, चार वर्षं झाली, तक्रार नाही. लोक मराठीत सांगतात, अर्ज कन्नडमध्ये द्यायचा असतो. विंडोजमध्ये दोन्ही भाषांचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांसाठीची बटणांची मांडणी) येतो, विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबला की भाषा बदलते. दिवसाला साठ-सत्तर वेळा मी तेच करते. माझ्यासाठी बटणं चांगली आणि एसएसडी (पटकन चालणारी डिस्क), एवढंच महत्त्वाचं.

धागाकर्ती, पुन्हा

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. दोन शंका आहेत. रॅम सोल्डर केलेली आहे की नाही हे दुकानात कसं ओळखायचं? आणि घरी येऊन दुरुस्ती असं लिहिलेलं असतं, ते जांबोटीकडे येतात का?

हळियाळ. सॉफ्टवेअर, घरून काम

रॅमचं आधी. मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर बघा, ऑनबोर्ड लिहिलं असेल तर सोल्डर केलेली. काहींत ८ जीबी बोर्डावर आणि एक स्लॉट रिकामा असतो, तो चालतो, पुढं वाढवता येते. स्लॉट नसेल तर १६ च घ्या, ८ वर तडजोड करू नका. खूप पातळ लॅपटॉपांत बहुतेक वेळा स्लॉट नसतोच.

दुरुस्तीचं माझ्यावर बेतलंय. बिलावर ऑनसाइट होतं. बिजागरी तुटली, फोन केला, त्यांनी पिनकोड विचारला आणि म्हणाले या पिनवर माणूस पाठवत नाही, हुबळीला आणून द्या. स्क्रीन वर्तमानपत्रात गुंडाळून लॅपटॉप बसने नेला. नऊ दिवस तिथं राहिला, नऊ दिवस मी भावाच्या मोबाईलवरून ऑफिसचे मेल बघत होतो. तेव्हा पैसे द्यायच्या आधी त्या कंपनीच्या नंबरवर फोन करून भाच्याच्या गावचा पिनकोड सांगा, बेळगाव शहराचा ५९०००१ सांगू नका. खानापूरकडच्या खेड्यांचे पिन ५९१ ने सुरू होतात, आणि उत्तर तिथं बदलतं.

धागाकर्ती

काय केलं ते सांगते. जांबोटी रस्त्याच्या ताईंचं वजन मनात बसलं होतं, म्हणून भाच्याच्या सॅकमध्ये तीन किलो तांदळाची पिशवी घातली, अडीच-सव्वादोनचा लॅपटॉप आणि चार्जर धरून तेवढंच होतं. आठवडाभर तसाच जा म्हटलं. गुरुवारी संध्याकाळी तो घरी आला, सॅक ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "मावशी, ओझ्याचं काय नाही बघ. पण बसमध्ये एका म्हातारीला ही सॅक लागली, तिचा चष्मा पडला."

त्याला हॉस्टेल मिळालेलं नाही आणि पुढची दोन वर्षं तरी तो रोज येऊन-जाऊन करणार. १.४ किलोचा, एच अक्षराच्या प्रोसेसरचा, बोर्डावर ८ जीबी आणि एक स्लॉट रिकामा असलेला ५६ हजारांत मिळतोय. वेगळं कार्ड नाही. बॅटरी यू अक्षरवाल्यापेक्षा कमी चालेल, पाच तास म्हणतात, तेवढं चालेल. त्याच स्लॉटमध्ये आणखी ८ जीबी घालून घेतोय. पिनकोड सांगून फोन केला, माणूस खानापूरपर्यंत येतो, पुढं नाही, तेही चालण्यासारखं आहे. उरलेले पैसे दाजींनी पोस्टात ठेवलेत, तिसऱ्या वर्षी सिम्युलेशनला गरज पडली तर घरी डेस्कटॉप घ्यायला. सोमवारी जाऊन आणतो.