झोपेची गोळी तीच. भावाला 10 मिलिग्रॅम आणि मला 5 का?

राजारामपुरीकर
भावाला आणि मला आमच्या डॉक्टरांनी झोल्पिडेम हीच गोळी दिली. त्याला 10 मिलिग्रॅमची, मला 5 ची. आमच्या वजनात फारसा फरक नाही. आईची (वय 74) जुनी झोपेची गोळी डायझेपाम बंद करून लोराझेपाम सुरू केली आणि ‘या वयात यकृताला ती सोपी जाते’ एवढेच सांगितले. स्त्री असण्याचा आणि वयाचा यकृताच्या कामाशी काय संबंध?

औषधवाला, शाहूपुरी
ताई, 2013 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्त्रियांसाठी हा डोस निम्मा करायला सांगितला. 10 मिलिग्रॅम घेतल्यावर आठ तासांनीही सुमारे 15 टक्के स्त्रियांच्या रक्तात गाडी चालवणे धोक्याचे ठरावे इतके औषध उरत होते. पुरुषांत हे प्रमाण 3 टक्के होते. सकाळी दुचाकीवरून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
मात्र यावरून ‘बाईला निम्मी गोळी’ असा सरसकट नियम कोणी काढू नये, कारण अनेक औषधांचे विघटन करणारे सीवायपी3ए4 हे यकृतातले विकर (एन्झाइम) स्त्रियांत बहुधा अधिक सक्रिय असते.

वयाचा परिणाम अधिक ठळक आहे. उतारवयात यकृताचा आकार आणि त्यातला रक्तप्रवाह दोन्ही घटतात, त्यामुळे ऑक्सिडीकरणाने विघटित होणारी डायझेपाम शरीरात फार काळ रेंगाळते, शिवाय तिच्यापासून तयार होणारा पदार्थही गुंगी आणतो. लोराझेपाम थेट ग्लुक्युरोनिक आम्ल या शरीरातल्याच पदार्थाशी जोडली जाऊन लघवीवाटे बाहेर पडते आणि ही प्रक्रिया वृद्धापकाळातही बऱ्यापैकी टिकते. गंमत म्हणजे नवजात बाळात हीच प्रक्रिया अपुरी असते. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने (अँटिबायोटिकने) बाळे राखाडी पडून दगावत, त्याचे मुख्य कारण हेच. तरीही लोराझेपामने म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊ शकतो, तेव्हा आई रात्री उठतात त्या वाटेवर दिवा असू द्या.

राजारामपुरीकर
आभारी आहे. आईचे एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) नॉर्मल आहे. मग काळजी नाही ना?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
एसजीपीटीवरून यकृताच्या पेशींना इजा होत आहे का, याचा अंदाज येतो; औषध किती वेगाने निपटले जाते, ते त्यावरून कळत नाही. इजेचा हिशेबही औषधागणिक वेगळा असतो: क्षयरोगाच्या आयसोनियाझिडने यकृतदाह होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो, तर फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएटचा गंभीर धोका दोन वर्षांखालील मुलांना सर्वाधिक असतो. आईंच्या सगळ्या गोळ्यांची यादी, काढ्यांसकट, पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा आणि लोराझेपाम मनाने एकदम बंद करू नका.