द्राक्षं तुडवण्याचा तमाशा
छोट्या वायनरीनं लोकांना द्राक्षं तुडवायला बोलावणं हा निव्वळ थिल्लरपणा, असं वर कुणीतरी म्हटलंय. अहो, मद्याची जाहिरात टीव्हीवर करायला बंदी; मग बिचाऱ्यांनी दवंडी पिटायची कशी? आम्ही बडोदेकर, गुजरात झालं तेव्हापासून म्हणजे १९६०पासून दारूबंदीतले! फेब्रुवारीत, ऐन तोडणीच्या हंगामात, नाशिकला मेव्हण्याकडे गेलो आणि लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून टबात उतरलोच. पाय संध्याकाळपर्यंत चिकट. बायको म्हणाली, “ही वाइन पिणार कोण?” कुणीच नाही! पाहुण्यांनी तुडवलेला रस सहसा वाइनमध्ये जातच नाही, खरं काम आत यंत्रं करतात. फोटो मात्र आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस फिरला, वायनरीला फुकटात. येताना बाटली तेवढी आणता आली नाही.